टाळ्यांच्या पुढचं काही

सोलापूर,
१३ जानेवारी

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

परवा तुझा फौजेतून आलेला फोन मध्येच तुटला. "आम्ही इथं बर्फात उभे आहोत त्याचं तिकडं कुणाला काही वाटतं का रे?" या तुझ्या प्रश्नावर मी नुसतं "वाटतं ना" म्हणालो. तेवढ्यानं माझंच समाधान झालं नाही, म्हणून सविस्तर लिहितोय.

वाटतं, हे अगदी खरं. मागच्या सुट्टीत स्टेशनवरून येताना रिक्षावाल्यानं तुझ्याकडून भाडं घेतलं नव्हतं, आठवतं? गावात वेशीपासून हलगी लावून तुला घरी नेलं. ती माया मनापासूनची होती, तिच्यावर मी कधीच शंका घेणार नाही. पण ही माया हारापाशी आणि टाळ्यांपाशीच थांबते, आणि तेच मला खुपतं.

तुझे वडील गेल्यापासून सातबाऱ्यावर वारसनोंद लागायची राहिलीय. काकूंनी तुला सांगितलं नसणार, तिकडं तुझ्या जिवाला घोर नको म्हणून. मागच्या महिन्यात मी त्यांना घेऊन कचेरीत गेलो. आधी म्हणाले, साहेब दौऱ्यावर आहेत. मग दाखला जुना निघाला. नवा दिला तर प्रत अस्पष्ट. शेवटी मी म्हणालो, यांचा मुलगा फौजेत आहे. तो माणूस ताडकन उठला, काकूंना खुर्ची दिली, चहा सांगितला. "तुमच्यामुळंच आम्ही सुखानं झोपतो, आई," म्हणाला. अगदी मनापासून म्हणाला. कागद मात्र लाल फडक्यात होता तिथंच राहिला. काकू म्हणाल्या, "दादा, चहा ऱ्हाऊ द्या. तेवढी सही द्या."

काल १२ जानेवारी होती. कामाची पाळी संपवून हुतात्मा पुतळ्याकडं गेलो. १९३१ साली ऐन सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेच्या तोंडावर इंग्रजांनी आपल्या सोलापूरच्या चौघांना येरवड्यात फाशी दिली. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन. चौघांच्या चार जाती-धर्म, हे दरवर्षीच्या भाषणात येतं, आणि यायलाच हवं. पण त्याआधीच्या मे महिन्यातल्या दिवसांबद्दल फारसं कुणी बोलत नाही. गांधीजींच्या अटकेनंतर शहर पेटलं, गोळीबार झाला, माणसं मेली, आणि सरकारचा अंमल काही दिवस शहरातून उठल्यासारखाच झाला. त्या दिवसांत काँग्रेसचे स्वयंसेवक रस्त्यावर उभे राहून रहदारी सांभाळत होते. वरून हुकूम देणारं कुणी नव्हतं, पगार नव्हता, आणि पुढं काय वाढून ठेवलंय याची कल्पना सगळ्यांना असणार. मग मार्शल लॉ आला आणि हातात तिरंगा धरणंसुद्धा गुन्हा ठरलं.

मला त्या चौघांइतकेच हे रहदारी सांभाळणारे मोठे वाटतात. त्यांची नावं आपल्याला ठाऊक नाहीत. शहर आपलं आहे म्हटल्यावर ते चालवायचंही आपणच, हे त्यांना कुणी शिकवावं लागलं नाही.

तू बॉम्बे सॅपर्सचा, म्हणजे लष्कराच्या अभियंता दलातला, म्हणून तुला हे लगेच कळेल. तुमच्याच रामा राघोबा राणेंना १९४८ सालच्या कामगिरीबद्दल परमवीर चक्र मिळालं ते कशासाठी? नौशेराकडून राजौरीच्या वाटेवर, अंगावर गोळे पडत असताना त्यांनी सुरुंग काढले, वाटेतले अडथळे हटवले, म्हणून मागून येणारे रणगाडे पुढं जाऊ शकले. मागच्या माणसासाठी रस्ता मोकळा करणं, एवढंच ते काम. आम्हा नागरिकांच्या वाट्याला असलंच काम आलंय, तेही जिवाची जोखीम नसलेलं. वेळेवर सही करायची. रेशनचं धान्य पुरतं मोजून द्यायचं. ॲम्ब्युलन्स आली की गाडी बाजूला घ्यायची. तुमच्यात शपथ असते, हुकूम असतो, शेजारचा जवान बघत असतो. इथं बघणारं कुणी नसतं, म्हणून आमच्याकडून राहून जातं. पण झेंड्याला सलाम करणाऱ्या हातानं कुणाच्या म्हातारीचा कागद अडवावा, याला मी देशप्रेम म्हणणार नाही, मग तो माणूस कितीही गोड बोलो.

आणि हो, पाकिस्तानला शिव्या घातल्या की देशभक्ती झाली असं समजणारेही आपल्या गल्लीत आहेत. त्यांना मी आपल्या डॉ. कोटणिसांचं सांगतो. सोलापूरचा हा मुलगा १९३८ साली जखमी चिनी सैनिकांवर उपचार करायला गेला आणि १९४२ साली तिथंच वारला. त्यानं आपल्या देशाची मान उंचच केली.

आता कामाचं. वारसनोंदीचा अर्ज मी नव्यानं रीतसर दिलाय आणि पोच घेतलीय. २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्यात अशा सेवांना मुदत ठरवून दिलेली असते. मुदत उलटली की अपील करता येतं, आणि मी करणार आहे. गोड बोलण्यावर आता विसंबायचं नाही. वारसांत तुझंही नाव येतं, तेव्हा आधार कार्डाच्या दोन प्रती सही करून पाठव, आणि सही बँकेतल्यासारखीच कर, नाहीतर तेवढ्यावरून पुन्हा परत पाठवतील. काकूंचा गुडघा आता बरा आहे. त्यांना कचेरीत पुन्हा नेणार नाही, मीच जाईन.

तुझा,
जुना मित्र