टोकन दिलंय, साठेखत व्हायचंय

चि. मुक्तास अनेक आशीर्वाद.

तुम्ही घेताय त्या मुलुंडच्या फ्लॅटचा, निखिलने पाठवलेला इंजिनिअरचा रिपोर्ट नीट वाचला, फोटो मोठे करून पाहिले. काल तू म्हणालीस, ‘एक कोटी पस्तीसला हो म्हणून बसलोय, आता कमी करा कुठल्या तोंडाने म्हणू? काकूंनी दर वेळी पोहे केलेत.’ घर विकणाऱ्या काका-काकूंचे पोहे चांगलेच असतील. पण तुम्ही हो म्हणालात तेव्हा बाथरूमचं फॉल्स सीलिंग उघडलेलं नव्हतं. ते उघडल्यावर जे दिसलं त्याची किंमत अजून कोणीच ठरवलेली नाही. फोनवर आपण दोघी भलतीकडेच जातो, म्हणून लिहितेय.

आधी त्या फोटोबद्दल. स्लॅबचा खालचा थर पडलाय, सळ्या उघड्या आहेत आणि त्यांना पापुद्रे सुटलेत. वरच्या घराच्या बाथरूमच्या लादीखाली पाणी साठतं, झिरपत झिरपत सळईपर्यंत येतं. लोखंड गंजलं की फुगतं आणि खालचं काँक्रीट ढकलून देतं. इंजिनिअरने हॉलच्या बीमला भोक पाडून त्यात रसायन फवारलं, ते गुलाबी झालं नाही असं रिपोर्टात आहे. निरोगी काँक्रीट गुलाबी होतं. रंग आला नाही याचा अर्थ तिथवर हवेतला कार्बन डायऑक्साइड पोचलाय आणि सळईला गंजापासून जे संरक्षण असतं ते संपलंय. आणि त्याच बीमचा अर्धा भाग नव्या डिस्टेंपरने रंगवलाय, बाकी हॉल जुन्याच रंगात. मी काकांवर आरोप करत नाही. घर दाखवायचं म्हणजे चार ठिकाणी हात फिरवतातच लोक. पण डाग त्यांना माहीत होता हे नक्की.

बँकेचा व्हॅल्युअर येऊन ‘ओके’ म्हणून गेला, त्यावर जाऊ नका. कर्ज बुडालं तर बँकेचे पैसे निघतील का, एवढंच तो पाहतो. तुमच्या डोक्यावरचं छत त्याच्या कामात येत नाही.

पण मुक्ता, माझं लक्ष सर्वांत जास्त ज्या फोटोने वेधलं तो या रिपोर्टातला नाहीच. निखिलने जिन्याखालच्या नोटीस बोर्डाचा सहज काढलेला फोटो. विशेष सर्वसाधारण सभेची नोटीस, विषय तिसरा: इमारतीची संरचनात्मक दुरुस्ती, सभासदांचं अंशदान कार्पेटच्या दर चौरस फुटाला ९०० रुपये. तुमचा फ्लॅट ६०० फुटांचा. म्हणजे ५ लाख ४० हजार. बाथरूमच्या स्लॅबवर तुम्ही आठवडाभर चर्चा करताय, त्याचा अंदाज १ लाख ६० हजार आहे. मोठं बिल बोर्डावर लटकलंय.

डोंबिवलीच्या आपल्या सोसायटीची सेक्रेटरी असताना मी हे जवळून पाहिलंय. मेंटेनन्स दोनशे रुपयांनी वाढवायचा म्हटलं की सभेत गदारोळ. उपविधींप्रमाणे दुरुस्ती निधी वर्षाला बांधकाम खर्चाच्या किमान पाऊण टक्का आणि सिंकिंग फंड, म्हणजे पुढच्या मोठ्या कामांसाठी साठवायची रक्कम, पाव टक्का घ्यायचा असतो. पण तो बांधकाम खर्च धरतात बिल्डिंग उभी राहिली तेव्हाचा, आणि दुरुस्ती होते आजच्या दराने. मग एक दिवस सळ्या दिसायला लागतात आणि सगळं एकदम अंगावर येतं. ते अंशदान त्या दिवशी जो सभासद असेल त्याच्याकडे सोसायटी मागते. तुमच्या सोसायटीत तो दिवस आणि तुमचा ताबा जवळजवळ एकाच महिन्यात येतोय. तीस-पस्तीस वर्षांची झीज काकांनी वापरलेली, बिल तुमच्या नावाने. यात लाजायचं असेल तर तुम्ही नाही लाजायचं.

तेव्हा आधी कागद. मुंबईत तीस वर्षांवरच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट महापालिका कायद्याच्या कलम ३५३ब प्रमाणे करावं लागतं. १९८९ ची बिल्डिंग आहे, म्हणजे रिपोर्ट असायलाच हवा. त्यात कोणता वर्ग दिलाय ते पाहा. सी-१ म्हणजे पाडायची. सी-२ए म्हणजे मोठी दुरुस्ती, पूर्ण किंवा काही भाग रिकामा करून. सी-२बी म्हणजे राहता राहता दुरुस्ती, सी-३ म्हणजे किरकोळ. नोटिशीवरून मला सी-२बी वाटतंय, पण माझ्या वाटण्याला अर्थ नाही. तुम्ही अजून सभासद नाही, त्यामुळे सोसायटी तुम्हाला दारात उभं करणार नाही. काका सभासद आहेत. सहकार कायद्याप्रमाणे सर्वसाधारण सभेच्या इतिवृत्ताची प्रत मागायचा त्यांना हक्क आहे. ‘आमच्या वकिलांनी मागितलंय’ म्हणा आणि त्यांच्याकडूनच मागवा. वकिलाचं नाव घेतलं की कोणी वाईट वाटून घेत नाही.

एजंट काय म्हणेल ते मी आत्ताच सांगते: ‘मॅडम, रिपेअरचं काय घेऊन बसलात, बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला जाणार आहे!’ मुलुंडला हे वाक्य चहाबरोबर मिळतं. पुनर्विकासाची ठरलेली वाट आहे, ४ जुलै २०१९ च्या शासन निर्णयात दिलेली: विशेष सभा, प्रकल्प सल्लागार, व्यवहार्यता अहवाल, मग निविदा. त्याला शांतपणे विचारा, यातली कोणती पायरी झाली? सोसायटी दुरुस्तीचे पैसे गोळा करतेय याचाच अर्थ पुनर्विकास जवळ नाही. भाव सांगताना पुनर्विकास धरायचा आणि दोष निघाल्यावरही तोच पुढे करायचा, असं दोन्हीकडून खाता येणार नाही.

आता मागायचं किती. तुझ्या यादीत वायरिंग आणि स्वयंपाकघराच्या टाइल्स आहेत, त्या काढ. ते तुम्ही भाव ठरवताना डोळ्यांनी पाहिलेलं आहे. जुनं घर जुनं असणारच. अशा चार गोष्टी घुसडल्या की खऱ्या दोनही घासाघीस वाटायला लागतात. मागायच्या गोष्टी दोनच, सोसायटीचे ५ लाख ४० आणि स्लॅबचे १ लाख ६०. बरोबर सात लाख.

पण दोन्ही ‘भावातून कमी करा’ म्हणून मागू नका. हे मात्र निखिलबरोबर कागद घेऊन बसून समजून घे. तुम्ही ७५ लाखांच्या वरचं कर्ज काढताय, म्हणजे बँक घराच्या किमतीच्या जास्तीत जास्त ७५ टक्के देणार. भाव ५ लाख ४० हजारांनी उतरला की कर्जही ४ लाख ५ हजारांनी उतरतं. तुमच्या खिशात वाचले फक्त १ लाख ३५. आणि सोसायटीला पूर्ण ५ लाख ४० रोख भरायचे! ते कुठून आणणार? स्टॅम्प ड्युटी, नोंदणी, वकील, सामान हलवणं यातच तुम्ही कोरडे होणार आहात.

म्हणून सोसायटीचं अंशदान काकांनीच भरायचं. साठेखतात, म्हणजे खरेदीच्या करारात, स्वच्छ कलम घालायचं, की ताब्याच्या तारखेपर्यंत मंजूर झालेलं सगळं अंशदान विक्रेत्याचं, आणि शेवटच्या हप्त्यातून तेवढ्या रकमेचा डिमांड ड्राफ्ट थेट सोसायटीच्या नावाने निघेल. भाव तोच राहिल्यामुळे त्या रकमेवर तुम्हाला सहा टक्के मुद्रांक, म्हणजे बत्तीस-तेहतीस हजार जास्त जातील. जाऊ देत. काकांनाही हे सोपं जाईल. ‘एक कोटी पस्तीसला विकलं’ असं त्यांना चारचौघांत म्हणता येतं, आणि माणसाला ते हवं असतं.

स्लॅबचे १ लाख ६० मात्र भावातून कमी करून घ्या. ‘आम्हीच दुरुस्त करून देतो’ असं ते म्हणतील. नको म्हणा. तो गवंडी सळईचा गंज न काढता वरून सिमेंट थापेल, वर पीओपी लावेल, आणि दोन पावसाळ्यांनी तुम्ही परत तिथेच. शिवाय वरच्या घरातली गळती थांबल्याशिवाय खालची दुरुस्ती फुकट आहे. तुम्ही राहायला आलात की ते भांडण तुमचं, पहिल्याच महिन्यात. आज काकांची आणि वरच्यांची इतक्या वर्षांची ओळख आहे. तेव्हा वरचं वॉटरप्रूफिंग ताब्याआधी करून घेणं ही अट काकांच्या अंगावर असू दे. मला विचारशील तर ही अट त्या दीड लाखापेक्षा मोलाची आहे.

ते म्हणतील, दुरुस्तीनंतर बिल्डिंगला नवा रंग, नवे पाइप, फायदा तुम्हालाच. यात तथ्य आहे, आणि तिथे लाखभर सोडायला हरकत नाही. त्याहून जास्त सोडू नका. ‘दुसरं गिऱ्हाईक उभंच आहे’ हे तर एजंटचं ठरलेलं. असेल, पण त्या गिऱ्हाइकालाही हा स्लॅब सांगावा लागेल. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे, विकणाऱ्याला माहीत असलेला आणि घेणाऱ्याला साध्या पाहणीत न कळणारा मोठा दोष लपवता येत नाही. रिपोर्टातली ती दोन पानं आणि फोटो काकांच्या हातात द्या. कलमाचा उल्लेख करू नका, धमकी वाटते. कागद त्यांच्याकडे पोचला की ‘मला माहीत नव्हतं’ म्हणायची सोय आपोआप संपते.

एक गोष्ट कुठल्याही परिस्थितीत करायची नाही. ‘कागदावर पस्तीसच ठेवू, पाच लाख तुम्हाला रोख परत देतो’ असं कोणीतरी सुचवेल. बँकेला खोटा भाव दाखवणं झालं ते, आणि घराच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्याहून जास्त रोख घेण्यावर आयकर कायद्याची बंदी आहे. वरच्या डिमांड ड्राफ्टात आणि यात फरक हा, की तो ड्राफ्ट साठेखतात लिहिलेला असतो आणि बँक तो वाचते.

बोलायला तू जा, निखिलला नको पाठवू. तो समोरच्याने उसासा टाकला की निम्म्यावर येतो. एजंटशिवाय जा, दोघं असतील तेव्हा. सुरुवातीलाच ‘घर आम्हाला हवंय’ म्हण, मग दोन आकडे, मग गप्प बस. उत्तर लगेच मागू नकोस, त्यांना मुलाशी बोलू दे.

आणि अंशदान अंगावर घ्यायला ते तयारच नसतील, तर सोड हे घर. टोकन एक लाखच दिलंय आणि विसारपावतीत ‘इंजिनिअरची पाहणी व सोसायटीची कागदपत्रं समाधानकारक असल्यास’ हे वाक्य मी मुद्दाम घालायला लावलं होतं, त्यावर परत मागता येईल. साठेखत नोंदलं आणि मुद्रांक भरला की मग असं उठून येता येणार नाही. त्यामुळे एजंटने रजिस्ट्रेशनची तारीख घेतली असेल तर ती आजच पुढे ढकलायला सांग.

इतिवृत्ताची पानं मिळाली की लगेच पाठव. ठरावाचं पान आणि सह्यांचं पान, दोन्ही.

तुझी,
आई