रॉटरडॅमहून आई-बाबांना

रॉटरडॅम,
२ मार्च

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

पत्रास कारण की, किंडरडाइकच्या पवनचक्क्यांविषयी बाबांना फोनवर सांगायला घेतले, तेवढ्यात नातवंडांनी फोन ताब्यात घेतला आणि सारे अर्धवटच राहिले.

येथून पूर्वेला साधारण पंधरा किलोमीटरवर १९ जुन्या पवनचक्क्या उभ्या आहेत. त्यांतील बहुतेक १७४० च्या सुमारास बांधलेल्या असून १९९७ पासून त्यांची जागतिक वारसास्थळ म्हणून नोंद आहे. या चक्क्या दळणासाठी नव्हे, तर पाणी उपसण्यासाठी बांधलेल्या होत्या. भोवतालची शेतजमीन नदीच्या पातळीहून खाली असल्याने पावसाचे पाणी आपसूक वाहून जात नाही. चक्कीच्या पायथ्याशी फिरणारे लाकडी फळ्यांचे चाक ते उचलून वरच्या कालव्यात टाकत असे आणि तेथून ते लेक नदीत सोडले जाई. आता हे काम पंपगृहे करतात. बाबा, तुमची उभी हयात पेंचचे पाणी शेतापर्यंत पोहोचवण्यात गेली; येथील अभियंत्यांची हयात ते शेतातून बाहेर काढण्यात जाते. वारा फिरला की चक्कीवाला मागचे चाक हाताने फिरवून पात्यांसकट अख्खी टोपी वाऱ्याकडे वळवतो, हे पाहताना तुमची फार आठवण झाली. आई, आतली खोली तुला मुळीच आवडणार नाही. भिंतीतल्या कपाटात खाट, शेजारी चूल आणि त्याच खोलीत सगळी मुलेबाळे!

पाण्याच्या कारभारासाठी येथे स्वतंत्र जलमंडळे आहेत. त्यांचा कर वेगळा भरावा लागतो. मात्र त्यांच्या निवडणुकीत आमच्यासारख्या कायदेशीर वास्तव्य असलेल्या परदेशी लोकांनाही मत देता येते, त्यामुळे कर भरताना कुरकुर जरा कमी होते. १९५३ च्या फेब्रुवारीत समुद्राच्या भरतीने बांध फोडले आणि या देशात १,८३६ माणसे दगावली. त्यानंतर उभारलेल्या प्रकल्पांपैकी मास्लांटचे वादळरोधक दरवाजे आमच्या घरापासून जवळच आहेत. प्रत्येकी २१० मीटर लांबीचे ते दोन दरवाजे १९९७ साली सुरू झाले. बाबांना तेथे अख्खा दिवस लागेल, म्हणून तो दिवस आम्ही वेगळा राखून ठेवला आहे.

चिनूची पोहण्याची पहिली परीक्षा झाली. येथे मुलांना शर्ट, पँट आणि बूट घालून पोहावे लागते, कारण कालव्यात पडणारे मूल पोहण्याचा पोशाख घालून पडत नाही. भिजलेल्या बुटांनिशी तो काठावर आला तेव्हा बूट काढण्याआधी त्याने 'आजोबांना फोन लाव' असे सांगितले. अंबाझरीच्या काठावरून त्याला आवरताना तुमचा जीव कसा टांगणीला लागायचा, ते मला ठाऊक आहे.

बाकी सर्व कुशल. पोहे दुकानात मिळतात. तर्री मात्र घरीच करावी लागते आणि ती जमत नाही.

तुम्ही एप्रिलच्या शेवटी निघालात, तर नागपूरचा कूलर लावायच्या दिवसांत येथे स्वेटर घालाल आणि आईला क्यूकेनहोफची ट्यूलिपची बागही पाहता येईल. व्हिसासाठी किमान ३० हजार युरोचा वैद्यकीय विमा लागतो. तो मी येथूनच काढते. बाबांनी रक्तदाबाच्या गोळ्यांची चिठ्ठी डॉक्टरांकडून इंग्रजीत लिहून घ्यावी आणि दोघांच्या पासपोर्टच्या प्रती या आठवड्यात पाठवाव्यात.

आपली लेक,
मीनल