पुतळ्याला ऑईलपेंट नको

स.न.वि.वि.
पुण्यातल्या शिवाजी प्रिपरेटरी मिलिटरी स्कूलच्या आवारातला महाराजांचा अश्वारूढ पुतळा नीट थांबून बघा एकदा. राजर्षी शाहू महाराजांनी पुढाकार घेतला, १९२१ ला पायाभरणी झाली पण ते १९२२ मध्येच गेले, पुतळा उभा राहिला १९२८ ला, आणि तो घडवला नानासाहेब करमरकरांनी. अलिबागजवळच्या सासवण्याचा हा माणूस, तिथे त्यांच्या शिल्पांचं म्युझियम पण आहे, तरी आपल्यातल्या कितीजणांना नाव माहितीये?
हे लिहायचं कारण म्हणजे जयंती आली की गावोगावच्या ब्राँझच्या पुतळ्यांना चकचकीत ऑईलपेंट मारतात, नाहीतर ॲसिडने घासतात. अहो ब्राँझवर जो काळपट-तपकिरी थर चढतो तो मळ नसतो, तो धातूचं रक्षण करतो, आणि घोड्याच्या मानेच्या शिरा, आयाळ, शेल्याच्या चुण्या हे सगळं बारीक काम पेंटच्या जाड थराखाली बुजून जातं! शिल्पकाराने जीव ओतलेला असतो त्यात. नगरपालिकांनी पेंटरऐवजी धातूशिल्पांच्या जतनाची माहिती असलेला माणूस बोलवावा, साध्या पाण्याने धुवून वरून मेणाचा पातळ हात द्यावा, एवढीच कळकळीची विनंती.
– एक वाचक, पुणे