अंबू बॅगसाठी वर्गणी द्या, रात्री गाडी काढायलाही या

समस्त ग्रामस्थ, मुंबई-पुण्याचे चाकरमानी आणि माहेरवाशिणींना ग्राम आरोग्य समितीचा नमस्कार.

विंचवाच्या बाबतीत आपला महाड तालुका नशीबवान. डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ साली बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात आले, तेव्हा घामाने निथळणारा, हातपाय गार पडलेला, तोंडाला लालसर फेस आलेला विंचूदंशाचा रुग्ण बऱ्याचदा हातचा जायचा. त्यांनी प्राझोसिनची साधी गोळी वापरली आणि माणसं वाचू लागली. ती गोळी आणि सर्पदंशावरची लस सरकारी दवाखान्यात फुकट मिळते, तेव्हा लशीसाठी वर्गणी मागत नाही.

आमची काळजी मण्यार सापाची आहे. जमिनीवर झोपलेल्याला तो रात्री चावतो. धड दुखत नाही, सूज नाही, दाताची खूणही बऱ्याचदा सापडत नाही. पहाटे पोटात कळ येते, घरचे अपचन समजून ओवा देतात. मग पापण्या मिटू लागतात, थुंकी गिळवत नाही, जीभ अडखळते आणि शेवटी श्वास थांबतो. हृदय मात्र तेव्हाही चालू असतं! घाट उतरेपर्यंत कोणी अंबू बॅगने, म्हणजे तोंडा-नाकावर मास्क धरून हाताने दाबायच्या पिशवीने, मिनिटाला १०-१२ वेळा हवा देत राहिलं, तर तो माणूस जिवंत पोचू शकतो.

तिन्ही वाड्यांत मोठ्यांसाठी एक आणि मुलांसाठी एक अशा अंबू बॅगा, एकेक पल्स ऑक्सिमीटर आणि सरावाचा एक पुतळा घ्यायचा आहे. अंदाजे खर्च ₹२५,०००. शिवाय प्रत्येक वाडीतून चार जण शिकायला हवेत. १०८ ला उशीर झाला तर रात्री गाडी काढणारेही हवेत. भगतांनाही बोलावलं आहे. लोक आधी त्यांच्याच दारी जातात, हे नाकारण्यात अर्थ नाही.

तोवर एवढं पाळा: दोरी आवळू नका, ब्लेड लावू नका, फळी बांधून हातपाय न हलवता आणा. मच्छरदाणी अंथरुणाखाली नीट खोचा. घरी पडून असलेली खाट कोणाला देता आली तर तीही द्या.

वर्गणी मृगाच्या आत ग्रामपंचायतीत जमा करून पावती घ्यावी. हिशेब फलकावर लागेल. पुतळा कोणी वापरलेला आणून दिला तरी चालेल.