पेय्याल भरून वाचायला शिकवणाऱ्या बाईंना

आदरणीय बाई,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र मुद्दाम उघड लिहितोय. तुमच्या टिपणांच्या झेरॉक्स प्रती आता तुम्हाला कधीही न भेटलेल्या लोकांच्या हातात आहेत. त्यांच्याकडे सुत्तांचे, म्हणजे पालीतल्या बुद्धोपदेशांचे, अर्थ पोचले, पण ते अर्थ काढायची तुमची रीत पोचली नाही. ती चारचौघांत सांगावी आणि त्याच निमित्तानं तुमचे आभार मानावेत, एवढाच हेतू.

सगळ्यात आधी आभार पेय्यालाबद्दल. पाली ग्रंथांत मजकूर पुन्हा आला की मध्ये ‘…पे…’ अशी खूण असते, तिलाच पेय्याल म्हणतात. पोथी लिहिणाऱ्यांचा पाठ तोंडपाठ असायचा, त्यांना खूण पुरत होती. आपल्याला ती पुरत नाही. आपण खूण दिसली की पुढे उडी मारतो आणि नेमकी करायची गोष्टच मागे राहते. तुमचा नियम साधा: प्रत्येक पेय्याल हातानं लिहून काढायचा आणि भरलेला पाठ मोठ्यानं वाचायचा. सतिपट्ठान सुत्तात याची किंमत कळते. मज्झिम निकायातल्या (निकाय म्हणजे सुत्तांचा संग्रह) या दहाव्या सुत्तात कायेचे 14 भाग आहेत (आनापान म्हणजे श्वास, इरियापथ म्हणजे शरीराची स्थिती, सम्पजञ्ञ म्हणजे प्रत्येक कृतीचं भान, पटिक्कूल म्हणजे शरीरातले किळसवाणे भाग, धातू म्हणजे शरीरातली महाभूतं आणि स्मशानातल्या प्रेताच्या 9 अवस्था), वेदनेचा 1, चित्ताचा 1 आणि धम्माचे 5. एकूण 21. प्रत्येक भागानंतर एकच परिच्छेद येतो: आत पाहणं, बाहेर पाहणं, दोन्हीकडे पाहणं; उत्पत्ती पाहणं, लय पाहणं, दोन्ही पाहणं; ‘काया आहे’ एवढी सती (जागरूकता) ज्ञानापुरती आणि स्मृतीपुरती ठेवणं; आणि कशालाही न धरता राहणं. छापील पुस्तकांत आणि भाषांतरांत हाच परिच्छेद सगळ्यात जास्त गाळला जातो. मग वाचणाऱ्याला वाटतं, श्वास लांब आहे की आखूड एवढं टिपलं की काम झालं. ते निम्मंच काम. श्वास कसा उठतो, कसा विरतो आणि त्याला मन कुठे चिकटतं, हे त्या गाळलेल्या ओळींत आहे. एकवीस वेळा सांगितलेली गोष्ट एकदाच वाचली तर साधनेतही ती एकदाच होणार.

दुसरे आभार क्रियापदांबद्दल. सुत्त हातात घेतलं की नामं नंतर, आधी ‘इथं करायला काय सांगितलंय’ ते शोधा, हा तुमचा हट्ट. धम्मचक्कप्पवत्तन सुत्तात चार आर्यसत्यांना चार वेगवेगळी कामं नेमून दिली आहेत. दुःख पूर्णपणे जाणायचं (परिञ्ञेय्यं), समुदय म्हणजे तृष्णा सोडायची (पहातब्बं), निरोध म्हणजे दुःखाचं थांबणं प्रत्यक्ष अनुभवायचं (सच्छिकातब्बं), मार्ग वाढवायचा (भावेतब्बं). सत्य कळणं, त्याचं काम कळणं आणि ते काम पुरं झाल्याचं कळणं, अशा प्रत्येकी तीन फेऱ्या. चार त्रिक बारा. गोंधळ होतो तो कामांची अदलाबदल झाल्यानं. बसल्यावर गुडघा दुखू लागला की साधक त्या दुखण्यालाच हाकलायला निघतो, म्हणजे जाणायची गोष्ट सोडायला बघतो. सोडायचं असतं ते ‘हे आत्ताच्या आत्ता थांबलं पाहिजे’ हे. संयुत्त निकायातल्या सल्ल सुत्तात दोन बाणांचं उदाहरण (पहिला बाण शरीराच्या दुखण्याचा, दुसरा त्यावरच्या मनाच्या तळमळीचा) याच जागी येतं, आणि तिथलं पुढचं वाक्य तुम्ही कधी गाळू दिलं नाहीत: न शिकलेला माणूस दुखण्यातून सुटायला इंद्रियसुखाकडे धावतो, कारण दुसरी वाट त्याला ठाऊक नसते. गुडघ्याला खरोखर इजा होत असेल तर मात्र आसन बदलावं. चालणं, उभं राहणं, बसणं, आडवं होणं हे चारही इरियापथ सुत्तातच दिले आहेत, तेव्हा एकाच आसनाचा हेका सुत्ताच्या नावावर खपवू नये.

मराठी वाचकाला एक जास्तीची अडचण आहे. पालीतले शब्द ओळखीचे वाटतात. ‘वेदना’ वाचलं की आपल्याला दुखणंच दिसतं, तिथं मात्र सुखद, दुःखद आणि दोन्ही नसलेली अशा तिन्ही संवेदना मोजलेल्या आहेत. ‘विञ्ञाण’ (जाणीव) आणि आपलं शाळेतलं विज्ञान यांचंही तेच. तुमच्या टिपणांत असे शब्द मराठीत न ओढता तसेच ठेवलेत आणि पहिल्यांदा आले तिथं शेजारी खुलासा दिलात, हे फार बरं केलंत.

आता ज्या सुत्तानं सगळ्यात जास्त उपयोग झाला त्याबद्दल सविस्तर. वितक्कसण्ठान सुत्त, मज्झिम निकायातलं विसावं. नको ते विचार हटवायचे पाच उपाय त्यात आहेत आणि लोक ते यादीसारखे वाचतात, वाटेल तो उचलतात. तुम्ही ते जिन्यासारखे वाचायला लावलेत. ज्या निमित्तानं लोभाचा, द्वेषाचा किंवा मोहाचा विचार उठला, ते सोडून आधी दुसऱ्या कुशल (हितकारक) निमित्ताकडे, म्हणजे विषयाकडे, लक्ष द्यायचं. सुतार बारीक खुंटीनं जाड खुंटी ठोकून बाहेर काढतो तसं. त्यानंतर पाठात स्पष्ट अट येते: तरीही विचार उठतच राहिले, तर त्यांतला दोष पाहायचा. तरीही राहिले, तर त्यांच्याकडे लक्ष द्यायचं नाही. तरीही राहिले, तर तो विचार कशाच्या जोरावर घडतोय हे पाहत त्याचा वेग उतरवत न्यायचा. इथलं उदाहरण झपझप चालणाऱ्या माणसाचं आहे, तो आधी हळू चालतो, मग थांबतो, बसतो, शेवटी आडवा होतो. आणि हेही फसलं तरच पाचवा उपाय: दातांवर दात दाबून, जीभ टाळूला लावून, चित्तानं चित्त दाबून धरायचं.

नवा साधक नेमका या पाचव्यापासून सुरुवात करतो, कारण तो सगळ्यात मर्दुमकीचा वाटतो. परिणाम ठरलेला: जबडा आखडतो, डोकं जड होतं, विचार तिथंच. इथं तुम्ही शेजारी महासच्चक सुत्त ठेवलंत, मज्झिममधलं छत्तिसावं. बोधीपूर्वीच्या खडतर तपाचं वर्णन करताना बुद्ध तिथं हेच वाक्य, तेच दात आणि तीच जीभ, स्वतःच्या फसलेल्या प्रयत्नाबद्दल वापरतात. काखेतून घाम वाहू लागला, प्रयत्न ढळला नाही, सती होती, पण काया अस्वस्थ राहिली, शांत झाली नाही. एकाच पिटकात एकच कृती एकीकडे सांगितलेली आणि दुसरीकडे निष्फळ ठरलेली! हा विरोध दिसला की दोनपैकी एक पाठ खोटा म्हणायची घाई होते. तुमचं उत्तर असं: एकीकडे ती चार पायऱ्यांनंतरची शेवटची तात्पुरती मदत आहे, दुसरीकडे तेच मुख्य साधन झालं आहे. कृती तीच, जागा वेगळी. सुत्ताचा अर्थ लावताना जागा पाहायची सवय लागली ती इथून. एकोणिसावं द्वेधावितक्क सुत्तही विसाव्याच्या आधी वाचून घ्यावं. कुशल विचारसुद्धा फार वेळ चालवले तर काया थकते, मग चित्त विचलित होतं, असं त्यात आहे, म्हणजे पहिल्या उपायालाही मर्यादा आहे हे आधीच कळतं.

असाच दुसरा विरोध प्रयत्नाबाबत. अंगुत्तर निकायात एकीकडे ‘त्वचा, स्नायू आणि हाडं तेवढी उरोत, पण प्रयत्न ढिला होणार नाही’ असा निर्धार आहे, तर दुसरीकडे सोण भिक्खूला वीणेच्या तारांचं उदाहरण देऊन सांगितलंय की अति प्रयत्नानं उद्धच्च (चंचलपणा) येतो आणि ढिलाईनं आळस. दोन्हींतलं आपलं सुत्त कुठलं, हे आपल्याला आवडतं कुठलं यावर ठरवायचं नसतं. कडक माणसाला नेमकं कडक सुत्त आवडतं आणि आळशाला वीणा. निवाडा संयुत्त निकायातल्या अग्गि सुत्तात मिळतो, तिथं बोधीची सात अंगं कुठलं केव्हा वाढवायचं ते सांगितलंय. चित्त मरगळलेलं असताना पस्सद्धी (शांतपणा), समाधी, उपेक्खा (समतोल) वाढवायची वेळ नव्हे. विझत आलेल्या विस्तवावर ओलं गवत टाकण्यासारखं ते होईल. तेव्हा धम्मविचय (धम्माची पारख), वीर्य (प्रयत्न), प्रीती (आनंद). चित्त उसळलेलं असेल तेव्हा बरोबर उलट. आणि सती सगळीकडे उपयोगी. म्हणून बसण्याआधी मिनिटभर चित्त मरगळलंय की उसळलंय एवढंच पाहून घ्यायचं आणि मग कुठला उपदेश हाताशी धरायचा ते ठरवायचं, हा क्रम तुम्ही घालून दिलात. आमच्या मते तुमच्या शिकवण्यातली ही सगळ्यात मोलाची गोष्ट.

अर्धवट उद्धृतांचा तुम्हाला येणारा राग आम्हालाही लागलाय, त्याचेही आभार. ‘अत्त दीप भव’ भिंतीभिंतीवर असतं. महापरिनिब्बान सुत्तातला पाठ ‘अत्तदीपा विहरथ अत्तसरणा अनञ्ञसरणा, धम्मदीपा धम्मसरणा अनञ्ञसरणा’ असा आहे, आणि लगेच पुढे बुद्ध आनंदाला ते कसं करायचं हेही सांगतात: चार सतिपट्ठानांनी. म्हणजे घोषणेबरोबर पद्धत दिलेली आहे, पण भिंतीवर घोषणाच पोचली. कालाम सुत्ताचंही तसंच. ‘कशावरही विश्वास ठेवू नका, स्वतःला पटेल ते घ्या’ असा त्याचा सारांश फिरतो. प्रत्यक्षात ज्या दहा गोष्टींवर विसंबू नका म्हटलंय त्यांतच ‘आपल्या मताशी जुळतं म्हणून’ हेही आहे, दिट्ठिनिज्झानक्खन्तिया. त्यानंतरच्या कसोट्या, म्हणजे ते अकुशल आहे का, सदोष आहे का, जाणत्यांनी निंदलेलं आहे का, आचरल्यावर अहित होतं का, या कुणी सांगत नाही. (हे सुत्त शोधताना अंगुत्तर निकायाच्या तिकनिपात या भागातला क्रमांक काही आवृत्त्यांत 65 तर काहींत 66 मिळेल. म्हणून नुसत्या आकड्यावर न जाता सुत्ताचं नाव आणि ‘केसमुत्त, कालाम’ (गाव आणि तिथले लोक) असं लिहून ठेवा, ही तुमची सूचना वेळ वाचवते.)

नवं वचन कुणी पाठवलं की करायचं काय, तेही महापरिनिब्बानातल्या चार महापदेसांवरून, म्हणजे वचन पारखायच्या कसोट्यांवरून. सांगणारा म्हणो ‘बुद्धाच्या तोंडून ऐकलं’, म्हणो ‘संघाकडून’, ‘अनेक थेरांकडून (ज्येष्ठ भिक्खूंकडून)’ किंवा ‘एका थेराकडून’. लगेच स्वीकारायचं नाही आणि लगेच झिडकारायचंही नाही. शब्द नीट लक्षात घ्यायचे, सुत्ताशी ताडायचे, विनयाशी (भिक्खूंच्या नियमांशी) जुळवायचे. जुळलं तर ठेवायचं. व्यवहारात अर्धी वचनं ‘हे कुठल्या निकायात आहे?’ एवढ्या प्रश्नावरच गळतात.

अट्ठकथांबद्दल, म्हणजे पाली ग्रंथांवरच्या जुन्या टीकांबद्दल, तुम्ही जे भान दिलंत ते दुर्मिळ आहे. काही जण टीकाकार बुद्धघोषांचं वाक्य बुद्धवचन म्हणून सांगतात, काही जण पाचव्या शतकातलं म्हणून सगळंच टाकून देतात. तुम्ही थर वेगळे ठेवायला लावलेत: सुत्ताचा पाठ काळ्या शाईत, अभिधम्मातला (पिटकातल्या विश्लेषणाच्या ग्रंथांतला) खुलासा निळ्या, अट्ठकथा आणि बुद्धघोषांचा विसुद्धिमग्ग हिरव्या. आनापानाचं पान असं रंगवलं की चित्र लख्ख होतं. सुत्तात ‘परिमुखं सतिं उपट्ठपेत्वा’ (सती समोर ठेवून) एवढंच आहे. नाकाचं टोक किंवा वरचा ओठ हा खुलासा विभंग या अभिधम्माच्या ग्रंथातून येतो. श्वास मोजायची रीत विसुद्धिमग्गातली. पाचाच्या आत थांबू नका, दहाच्या पुढे जाऊ नका. कारणही दिलंय: पाचाच्या आत चित्त कोंडल्यासारखं तडफडतं, दहापुढे ते श्वासाऐवजी आकड्यालाच धरून बसतं. मोजणं उपयोगी आहे, जरूर करावं. पण न मोजणाऱ्याला ‘तू सुत्ताविरुद्ध वागतोयस’ म्हणता येत नाही, हे हिरव्या शाईमुळे कळतं. ध्यानपद्धतींवरून होणारी निम्मी भांडणं शाईचे रंग मिसळल्यानं होतात.

आणि भांडणांवरून अलगद्दूपम सुत्त. दुसऱ्यात दोष काढायला आणि वादात सुटका करून घ्यायला जे धम्म शिकतात, ते साप शेपटीकडून धरतात, असं तिथं आहे. नावेच्या, म्हणजे तराफ्याच्या उदाहरणासाठी हे सुत्त सगळे सांगतात. सापाचं तेवढ्या आवडीनं कुणी सांगत नाही. वर्गात कुणी वाक्य हत्यारासारखं फेकलं की तुम्ही नुसतं ‘शेपटी’ म्हणायचात आणि पुढे जायचात. बाई, तो एक शब्द पुरायचा.

एका बाबतीत आमचं तुमच्याशी अजून पटलेलं नाही, तेही इथंच लिहितो. चारही निकाय होईपर्यंत अभिधम्माला हात लावू नका, असं तुम्ही म्हणता. संपूर्ण अभिधम्मासाठी हे बरोबरच. पण विभंगाच्या 18 प्रकरणांतलं सातवं, सतिपट्ठान विभंग, मात्र लवकर वाचावं असं आम्हाला वाटतं. त्याच्या सुत्तन्तभाजनीय (सुत्ताच्या पद्धतीनं फोड करणाऱ्या) भागात सुत्तातल्याच शब्दांचे खुलासे एकेक करून दिलेत, आणि भरलेल्या पेय्यालांशेजारी ते ठेवले की पाठ नीट लागतो. येत्या आवर्तनात सुत्त आणि हे प्रकरण आम्ही शेजारी शेजारी लावून वाचतो आहोत, निळ्या शाईत. झालेली पानं तुमच्याकडे पाठवू. नेहमीसारख्या समासात लाल रेघा ओढून परत करा.

आपले कृतज्ञ,
सुत्तवाचन वर्गातले सगळे