हिमोग्लोबिन जास्त असलं तरी माणूस थकतो

मा. संपादक, स.न.वि.वि.

तुमच्या आरोग्याच्या पानावर हिमोग्लोबिन कसं वाढवायचं हे वर्षातून चार-पाच वेळा तरी येतं, बीट खा, खजूर खा, लोखंडी कढई वापरा, आणि ते गरजेचंच आहे, प्रार्थनेला उभ्या असलेल्या पोरी चक्कर येऊन पडायच्या ते मी शाळेत ३४ वर्षं बघितलंय. पण ज्यांचं हिमोग्लोबिन जास्त आहे आणि तरी ज्यांना सकाळी उठवत नाही त्यांच्याबद्दल मी कधी काही वाचलं नाही, म्हणून लिहितेय.

मी ६७ वर्षांची, तीन वर्षांपूर्वी मला पॉलिसायथेमिया व्हेरा निघाला. हाडांच्या आतला बोन मॅरो गरज नसताना लाल पेशी बनवत राहतो, रक्त दाट होतं, गुठळी होऊन लकवा किंवा हार्ट अटॅक यायची भीती असते. जॅक टू नावाच्या जीनमधला बदल याच्या मुळाशी असतो, तो २००५ मध्ये सापडला, शंभरातल्या साधारण ९५ पेशंटमध्ये असतो. माझं हिमोग्लोबिन तेव्हा १७.८ होतं.

त्याआधी वर्षभर मी थकलेय थकलेय म्हणत होते. फॅमिली डॉक्टर म्हणाले वय झालं, घरचे म्हणायचे रिटायर झाल्यावर होतंच असं, आणि लग्नात भेटलेल्या बायका म्हणायच्या चेहरा किती लालबुंद दिसतोय, तब्येत मस्त झाली. तो लाल चेहरा आजाराचाच होता हो. आंघोळ करून आलं की अंगभर सुया टोचल्यासारखी खाज यायची, तीसुद्धा याचीच खूण, पण मी साबण बदलत बसले.

थकवा म्हणजे काय ते एकदाच सांगते. ओली चादर दोरीवर टाकायला हात वर केले आणि ते तिथंच राहिले, पुढे जाईचनात, चादर परत बादलीत टाकली आणि जिन्याच्या पायरीवर अर्धा तास बसून राहिले. रात्री आठ तास झोपले होते, जेवण झालं होतं, ताप नव्हता. हा थकवा झोपून जात नाही, आणि रिपोर्टमध्येही दिसत नाही हे जास्त वाईट, कारण रिपोर्ट सुधारला की सगळ्यांना वाटतं आता बरी झाली.

आता उपचार म्हणजे हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातलं लाल पेशींचं प्रमाण, ४५ टक्क्यांच्या खाली ठेवायचं, त्यासाठी रक्त काढतात, जोडीला अ‍ॅस्पिरिन आणि पेशी बनणं कमी करणारी हायड्रॉक्सीयुरियाची कॅप्सूल. पहिल्यांदा रक्तपेढीत गेले तर काउंटरवरचा मुलगा म्हणाला आजी तुमच्या वयाला रक्तदान चालत नाही. चूक त्याची नाही, त्याला हे कोणी शिकवलंच नव्हतं, पण सगळ्यांसमोर आजार समजावून सांगताना मला रडू आलं. ते रक्त कोणाला चढवत नाहीत, टाकून देतात, त्याचंही वाईट वाटलं.

रक्त काढून काढून शरीरातलं लोह कमी होतं, त्यानेही थकवा येतो, पण लोहाच्या गोळ्या आपल्या मनाने घ्यायच्या नाहीत कारण लोह मिळालं की मॅरो परत रक्त बनवायला लागतो. नणंदेने प्रेमाने डबाभर अळिवाचे लाडू आणले, ते मी डॉक्टरांना विचारून शेजारच्या बाळंतिणीला दिले, नणंद दोन महिने बोलली नाही. शिवाय या आजारात अंगात सतत सूज वाढवणारे घटक तयार होत असतात, म्हणून रक्तपेशींचे काउंट नॉर्मल आले तरी थकवा राहू शकतो, हे मला हिमॅटॉलॉजिस्टनी, म्हणजे रक्ताच्या आजारांच्या डॉक्टरांनी, सांगितलं तेव्हा फार हलकं वाटलं, म्हणजे मी आळशी झाले नव्हते. त्यांनी थायरॉइड आणि बी-१२ पण तपासलं, सगळं याच आजारावर ढकललं नाही.

त्यांच्याकडे एक कागद असतो, दहा लक्षणं, प्रत्येकाला ० ते १० मार्क द्यायचे, पहिला प्रश्नच थकव्याचा. तेव्हापासून मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज थकव्याचे मार्क लिहिते आणि दर भेटीला ती पानं नेते. त्यातून कळलं की सकाळी दहापर्यंत मला जमतं, म्हणून भाजी चिरणं, बँक, फोन सगळं तेवढ्यात, चपात्या दोन टप्प्यांत, आंघोळीनंतर लगेच काही नाही. संध्याकाळी वीस मिनिटं चालते, सुरुवातीला जीवावर यायचं, पण चालले नाही त्या दिवशी आकडा वाढलेला असतो.

आमची बिल्डिंग लिफ्टशिवायची. खालच्या मजल्यावरच्या पोरांनी स्वतःहून जिन्याच्या वळणावर एक प्लास्टिकची खुर्ची ठेवलीय, कोणी हलवली की ओरडतात.

तुमच्या पानावर एखाद्या हिमॅटॉलॉजिस्टना याबद्दल लिहायला सांगा, ही कळकळीची विनंती. आणि गावोगावच्या फॅमिली डॉक्टरांना सांगणं आहे, साठीच्या पुढचा पेशंट थकवा म्हणाला तर नुसतं वय म्हणू नका, एक सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशींची तपासणी, करा आणि त्यात हिमोग्लोबिन जास्त आलं तर चांगलं आहे म्हणून कागद बाजूला ठेवू नका. माझा तसा एक कागद वर्षभर फाइलमध्ये पडून होता.

आपली रोजची वाचक,
एक निवृत्त शिक्षिका, सातारा