आधी कंपायलर ठरू दे

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र आणि सोबत पाठवलेली सेटअप.पाय, म्हणजे पायथन पॅकेज बांधायची स्क्रिप्ट, दोन्ही सावकाश वाचलं. सी आणि सी++ मिसळलेलं एक्स्टेन्शन (कंपाइल होणारं पायथन मॉड्यूल), त्यातली एक फाइल एव्हीएक्स२ या प्रोसेसरच्या खास सूचना वापरणारी, गुणकांचं एक कोष्टक स्क्रिप्टमधून तयार होणारं, आणि हे सगळं लिनक्स, मॅकओएस आणि विंडोज तिन्हीकडे बिल्ड व्हायला हवं. तू विचारलंस की या पायऱ्यांमध्ये हात घालायची 'बरोबर' जागा कोणती. बहुतेक लोक कंपायलरला कोणता फ्लॅग, म्हणजे पर्याय, द्यायचा यावर तासन्‌तास वाद घालतात, आणि तो कधी द्यायचा हे कुणी विचारतच नाही. तुझी सगळी अडचण त्या 'कधी'मध्ये आहे.

तुझ्या फाइलीच्या सुरुवातीलाच सिस.प्लॅटफॉर्म बघून विंडोज असेल तर स्लॅशवाले फ्लॅग, नसेल तर डॅशवाले, अशी वाटणी केली आहेस. हे अंगाचं माप घेण्याआधी कापड कापण्यासारखं आहे. विंडोजवर कुणी मिनजीडब्ल्यू (विंडोजसाठीचा जीसीसी कंपायलर) वापरत असेल तर त्याला डॅशवालेच फ्लॅग लागतात. ऑपरेटिंग सिस्टिम आणि कंपायलर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आणि कंपायलर कोणता हे त्या ओळी चालतात तेव्हा ठरलेलंच नसतं. सेटअपटूल्स या बिल्डच्या साधनातल्या, एक्स्टेन्शन बांधणाऱ्या बिल्ड_एक्स्ट या कमांडचा क्रम बघ. फायनलाइझ_ऑप्शन्स चालते तेव्हा सेल्फ.कंपायलरमध्ये फार तर एखादं नाव असतं, नाहीतर काहीच नसतं. पुढे रन मेथडमध्ये खरा कंपायलर ऑब्जेक्ट तयार होतो, पायथन ज्या सेटिंगने बांधला गेला ती आणि तुझ्या एन्व्हायर्नमेंटमधली सीसी, सीफ्लॅग्स वगैरे त्याला लावली जातात, आणि मगच बिल्ड_एक्स्टेन्शन्सला हाक जाते. म्हणून बिल्ड_एक्स्टचा सबक्लास करून बिल्ड_एक्स्टेन्शन्स ओव्हरराइड कर. तिथे सेल्फ.कंपायलर.कंपायलर_टाइप विचारलं की 'एमएसव्हीसी' (मायक्रोसॉफ्टचा कंपायलर), 'युनिक्स' किंवा 'मिनजीडब्ल्यू३२' असं सरळ उत्तर मिळतं. प्रत्येक एक्स्टेन्शनच्या एक्स्ट्रा_कंपाइल_आर्ग्जमध्ये त्यानुसार भर घाल आणि सुपरला, म्हणजे मूळ मेथडला, बोलव. दहाएक ओळींचं काम आहे.

'युनिक्स' म्हटलं की जीसीसी आणि क्लँग हे दोन्ही कंपायलर आले, तेवढ्यावरून त्यांच्यात फरक कळत नाही. त्यासाठी लोक चाचणी घेतात: तात्पुरत्या फोल्डरमध्ये चार अक्षरांची सी फाइल लिहायची, हवा तो फ्लॅग देऊन कंपाइल करून बघायची, कंपाइलएरर आली तर फ्लॅग सोडून द्यायचा. पद्धत चांगली आहे, पण तिच्यावर डोळे मिटून विश्वास टाकू नकोस. एमएसव्हीसी अनोळखी फ्लॅग दिसला की डी९००२ अशी नुसती ताकीद देऊन पुढे जातो, त्यामुळे तिथे प्रत्येक चाचणी 'पास' होते. जीसीसीला अनोळखी '-डब्ल्यूनो-' फ्लॅग दिला तर तो एरवी अवाक्षरही काढत नाही. दुसरी काही वॉर्निंग निघाली तरच त्याचा उल्लेख करतो. क्लँगही अनोळखी वॉर्निंग-फ्लॅगवर फक्त कुरकुरतो. क्लँगवर चाचणी घ्यायचीच तर वॉर्निंगला एरर धरणारा '-वेरर' जोडून घे.

आता तुझा मुख्य प्रश्न, एकाच एक्स्टेन्शनमधल्या वेगवेगळ्या फाइलींना वेगवेगळे फ्लॅग. एक्स्ट्रा_कंपाइल_आर्ग्ज सगळ्या फाइलींना सरसकट लागतो. म्हणूनच मॅकवर तुझं बिल्ड पडतं. '-एसटीडी=सी++१७' हा फ्लॅग सी फाइलीला दिला तर जीसीसी वॉर्निंग देऊन सोडून देतो, क्लँग मात्र थेट एरर देऊन थांबतो. तुझ्या लिनक्सवर जीसीसी आहे, त्यामुळे तुला ही गोष्ट दिसलीच नाही.

यावर एक जुना तोडगा तुला सगळीकडे सापडेल: कंपायलर ऑब्जेक्टची '_कंपाइल' ही मेथड बदलून टाकायची, येणाऱ्या फाइलीच्या नावाचं शेपूट (.सी, .सीपीपी) बघायचं आणि फ्लॅग बदलून मूळ मेथडला द्यायचे. कूडा फाइलींसाठी (एनव्हिडियाच्या ग्राफिक्स कार्डावर चालणाऱ्या कोडसाठी) एनव्हीसीसी हा कंपायलर घुसवणारी मंडळी वर्षानुवर्षं हेच करत आली. चालतं, पण मला ते आवडत नाही. नावातला अंडरस्कोर सांगतोच की ही आतली गोष्ट आहे. शिवाय एमएसव्हीसीचा क्लास स्वतःची कंपाइल मेथड वेगळी लिहितो आणि '_कंपाइल'ला बोलवतच नाही, म्हणजे विंडोजवर तुझा पॅच नुसता बसून राहील आणि एरर येणार नाही. एरर न येणं हेच त्यातलं वाईट.

मी सुचवतो ते असं. बिल्ड_एक्स्टेन्शन, म्हणजे एकवचनी मेथड, ओव्हरराइड कर. एव्हीएक्स२ची फाइल सोर्सेसच्या यादीतून काढ, ती सेल्फ.कंपायलर.कंपाइलला वेगळी दे, आउटपुट_डिर म्हणून सेल्फ.बिल्ड_टेम्प आणि एक्स्ट्रा_पोस्टआर्ग्ज म्हणून '-एमएव्हीएक्स२' किंवा एमएसव्हीसीवर '/आर्क:एव्हीएक्स२'. परत आलेल्या ऑब्जेक्ट फाइली एक्स्ट्रा_ऑब्जेक्ट्समध्ये जोड आणि सुपरला बोलव. इन्क्लूड_डिर्स आणि मॅक्रो त्या वेगळ्या हाकेतही द्यायला विसरू नकोस, ते आपोआप येत नाहीत. सी आणि सी++चा घोळही याच वाटेने सुटतो. सगळं उघड एपीआय, तिन्हीकडे सारखं. फक्त यादीतून काढलेली फाइल डिपेन्ड्समध्ये लिहून ठेव, नाहीतर ती बदलल्यावर 'काही बदललं नाही' असं समजून बिल्ड तुझं एक्स्टेन्शन वगळून टाकेल.

इथेच एक सांगतो. बिल्ड_एक्स्ट फक्त सोर्सेस आणि डिपेन्ड्समधल्या फाइलींच्या वेळा तयार मॉड्यूलच्या वेळेशी ताडून बघतो. तू इन्क्लूड केलेली हेडर त्याला माहीत नसतात, आणि फ्लॅग बदलला हे तर कळायचा प्रश्नच नाही. फ्लॅग बदलून 'काहीच फरक पडला नाही' असं तू लिहिलंस ना, बहुधा कंपायलर चाललाच नसेल. फ्लॅगांशी खेळताना '--फोर्स' लाव किंवा बिल्ड फोल्डर उडव.

एव्हीएक्स२च्या फाइलीबद्दल आणखी एक, आणि हे तांत्रिक कुरबूर समजून सोडू नकोस. ती फाइल सी++मध्ये असेल आणि तिच्यात कुठला टेम्प्लेट किंवा इनलाइन फंक्शन असेल, तर त्याची एक प्रत एव्हीएक्स२च्या सूचनांसह तयार होते. तेच फंक्शन दुसऱ्या फाइलीतही असलं की कंपाइल झालेले तुकडे जोडणारा लिंकर दोनपैकी एक ठेवतो, आणि ठेवलेली प्रत नेमकी एव्हीएक्स२वाली असू शकते. मग जुन्या प्रोसेसरवर तू रनटाइमला कितीही तपासणी केलीस तरी भलत्याच ठिकाणी 'इल्लीगल इन्स्ट्रक्शन' येऊन प्रोसेस मरते. ती फाइल साध्या सीमध्ये ठेव, आतली फंक्शन्स स्टॅटिक कर, आणि प्रोसेसरची तपासणी दुसऱ्या, साध्या फ्लॅगने कंपाइल झालेल्या फाइलीत कर.

'-मार्च=नेटिव्ह' तर आजच काढ. तो फ्लॅग बिल्ड करणाऱ्या मशीनचा प्रोसेसर बघतो, आणि व्हील, म्हणजे तयार बांधलेलं पॅकेज, भलत्याच मशीनवर जातं. दुसरा काढायचा तो '-एफफास्ट-मॅथ'. त्याने तुझ्याच आकडेमोडीत फरक पडला असता तर तो तुझा प्रश्न होता. पण जीसीसीला शेअर्ड लायब्ररी लिंक करताना हा फ्लॅग दिला की तो एक छोटा स्टार्टअप कोड जोडायचा, आणि लायब्ररी लोड होताच तो कोड प्रोसेसरला सबनॉर्मल, म्हणजे शून्याच्या अगदी जवळचे, आकडे शून्य धरायला सांगायचा. म्हणजे कुणी तुझं मॉड्यूल नुसतं इम्पोर्ट केलं, एकही फंक्शन वापरलं नाही, तरी त्या थ्रेडमधल्या दुसऱ्यांच्या लायब्ररींचे आकडे बदलणार. जीसीसी १३मध्ये शेअर्ड लायब्ररींसाठी हे बंद झालं, पण व्हील बांधायला जुने कंपायलर सर्रास वापरले जातात. वेग हवाच असेल तर '-एफनो-मॅथ-एर्नो'सारखे नेमके, छोटे फ्लॅग घे.

'-ओ३'वरही माझा आक्षेप आहे. एक्स्ट्रा_कंपाइल_आर्ग्ज कमांडच्या शेवटी जातात, आणि ऑप्टिमायझेशनच्या फ्लॅगांमध्ये जीसीसी आणि क्लँग शेवटचा मानतात. कुणी डीबग करायला सीफ्लॅग्समध्ये '-ओ०' दिला तरी तुझा '-ओ३' त्याच्यावर मात करतो, आणि तो बिचारा डीबगरमध्ये गायब झालेली व्हेरिएबल्स शोधत बसतो. पायथन स्वतः ज्या फ्लॅगांनी बांधला गेला ते तुझ्या कंपायलरला आधीच लागलेले असतात, आणि त्यात ऑप्टिमायझेशन बहुधा असतंच. मोजून फरक दिसला तरच लिही.

कोष्टकाची स्क्रिप्ट तू इन्स्टॉल कमांडमधून चालवतोस. तिथून हलव. पिप हा इन्स्टॉलर आधी व्हील बनवतो आणि मग ते उघडून फाइली जागेवर ठेवतो. व्हीलवरून इन्स्टॉल करणाऱ्याकडे तुझी इन्स्टॉल कमांड चालतच नाही, आणि जागच्या जागी बिल्ड केलं तरीही नाही. बिल्ड_एक्स्टच्या रनमध्ये, सुपरच्या आधी, स्क्रिप्ट चालव. नुसतं 'पायथन' असं न लिहिता सिस.एक्झिक्युटेबल दे, कारण पिप बिल्डसाठी वेगळं एन्व्हायर्नमेंट उभं करतो आणि पाथवरचा पायथन दुसराच असू शकतो. स्क्रिप्टला नमपाय ही लायब्ररी लागत असेल तर पायप्रोजेक्ट.टॉमलमधल्या बिल्ड-सिस्टिमच्या रिक्वायर्समध्ये ते लिही. स्क्रिप्ट आणि हेडर मॅनिफेस्ट.इनमध्ये, म्हणजे सोर्ससोबत पाठवायच्या फाइलींच्या यादीत, टाक. आणि सेटअप.पायच्या शेजारची तुझी मदतनीस फाइल इम्पोर्ट होत नाही ती याच नव्या पद्धतीमुळे: सेटअपटूल्सचा नेहमीचा बॅकएंड चालू फोल्डर इम्पोर्टच्या वाटेत ठेवत नाही. सेटअप.पायमध्येच सिस.पाथमध्ये फोल्डर जोडून ते सुटतं.

डिस्टयुटिल्स या पायथनच्या जुन्या बिल्ड-मॉड्यूलचे सगळे इम्पोर्ट काढ, हे वेगळं सांगायला नको. पायथन ३.१०मध्ये ते मोडीत काढायचं ठरलं आणि २०२३च्या ऑक्टोबरमध्ये आलेल्या ३.१२मधून ते गेलंच. सेटअपटूल्स स्वतःची प्रत बाळगतो, म्हणून बिल्ड_एक्स्ट, एक्स्टेन्शन आणि एरर सगळं तिथूनच घे.

आता तू विचारशील, एवढं करण्यापेक्षा सीमेक किंवा मेसनसारखं वेगळं बिल्ड-साधन का नको? प्रामाणिक उत्तर: तुझ्या आकाराच्या कामाला सेटअपटूल्स पुरतो, पण काठावर आहे. सायपाय ही लायब्ररी २०२२मध्ये १.९ आवृत्तीपासून मेसनवर गेलं, नमपाय २०२३मध्ये १.२६पासून, त्यांचं स्वतःचं नमपाय.डिस्टयुटिल्स तर ३.१२वर मिळतच नाही. त्यांच्याकडे फोरट्रान होतं, प्रोसेसरनुसार वेगवेगळ्या फाइली होत्या, आणि सेटअप.पायमधून हे सगळं सांभाळणं हाताबाहेर गेलं होतं. मेसनमध्ये फ्लॅग टार्गेटनुसार देता येतात, तयार होणारी फाइल ही नेहमीचीच पायरी असते, आणि हेडर बदललं की मेसनखाली प्रत्यक्ष बिल्ड चालवणाऱ्या निंजाला ते कळतं. तुझा एव्हीएक्स२चा एक तुकडा आहे तोवर वरचा उपाय कर. एव्हीएक्स५१२ आणि एआरएमचे तुकडे आले की मेसन-पायथन घे, किंवा तुमच्याकडे सीमेक जाणणारी माणसं असतील तर सायकिट-बिल्ड-कोअर. सबक्लासवर सबक्लास चढवत बसू नकोस.

शेवटी तू जाता जाता लिहिलंस त्या विंडोजच्या लिंकर एररबद्दल, 'पायइनिट_…' हे चिन्ह सापडत नाही म्हणून लिंक अडतं ते. मला वाटतं तुझं दुसरं 'एक्स्टेन्शन' खरं म्हणजे पायथन मॉड्यूल नाहीच, सीटाइप्स या पायथन मॉड्यूलने उघडायची साधी डीएलएल (विंडोजची शेअर्ड लायब्ररी) आहे. बिल्ड_एक्स्ट प्रत्येक एक्स्टेन्शनमध्ये पायइनिट असणार असं धरून चालतो आणि विंडोजवर ते एक्सपोर्ट करायला सांगतो. गेट_एक्सपोर्ट_सिम्बॉल्स ओव्हरराइड करून त्या एकासाठी फक्त एक्स्टेन्शनची स्वतःची एक्सपोर्ट_सिम्बॉल्स परत दे. तेवढ्याने नाही भागलं, तर पिपला '-व्ही' लावून मिळणारा पूर्ण लॉग पाठव. एररच्या ओळी कापून पाठवू नकोस. मला लिंकरला दिलेली अख्खी कमांड बघायची आहे.

तुझाच,
मित्र